अडत, दुकान आणि निर्मात्याचे दार

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला अडत म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात विकला आणि हमाली, तोलाई, वाहतूक इत्यादी खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ही घटना देशभर गाजली. त्या वेळी कांद्याचे भाव कोसळले होते हे खरे. परंतु उत्पादक आणि ग्राहक यांच्यामध्ये जे कोणी उभे असतात त्यांच्या कामाचे मोल किती आणि त्यांचा वाटा किती, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न त्या दोन रुपयांनी पुन्हा सर्वांसमोर मांडला.

आज हाच प्रश्न एका अगदी निराळ्या मालाच्या बाबतीत विचारला जात आहे. हा माल पोत्यात भरत नाही, नासत नाही, आणि त्याची दुसरी प्रत काढावयास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. संगणकावर खेळावयाचे, चार-दहा तरुणांनी बड्या कंपनीच्या आश्रयाविना तयार केलेले खेळ, हा तो माल होय. ग्राहकाने असा खेळ थेट निर्मात्याकडून विकत घ्यावा, की स्टीमसारख्या मोठ्या ऑनलाइन दुकानातून घ्यावा? प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. वस्तुतः आपल्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र आणि चित्रकला शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या उपजीविकेशी तो निगडित आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. खेळ म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळावयाचा मोबाइलवरील जुगार उभा राहतो. अशा पैशाच्या खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून मनाई केली. प्रस्तुत लेखाचा विषय ते खेळ नव्हेत. येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे ते खेळ कादंबरी किंवा चित्रपट यांच्या जातीचे आहेत. त्यांत कथा असते, चित्रे असतात, संगीत असते, आणि ग्राहक त्यांची किंमत बहुधा एकदाच मोजतो.

पुण्याचे उदाहरण

या धंद्यातील अडचणी समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडत जाणारी तिची कथा आणि राजस्थानी वास्तुकलेची छाप असलेली दृश्ये असे त्याचे स्वरूप आहे. २०१७ मध्ये या मंडळींनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून आगाऊ वर्गणी मागितली. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. आपल्याकडील प्रकाशक अनेक वर्षे प्रकाशनपूर्व सवलतीची योजना याच तत्त्वावर चालवीत आले आहेत. निर्माता आणि ग्राहक यांची ही थेट गाठ होती. परंतु ठरलेली रक्कम जमली नाही आणि योजना फसली. पुढे परदेशी प्रकाशकाचे साह्य मिळाले. ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये स्टीमसह अन्य ठिकाणी आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

या उदाहरणातून निघणारा बोध सरळ आहे. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, त्याच्या दारी ग्राहक आपण होऊन येत नाही. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत पाल टाकणारा खेळणीवाला जागेचे भाडे का भरतो? घरी बसून माल विकला तर भाडे वाचेल, हे त्यालाही ठाऊक असते. पण माणसांची गर्दी गड्ड्यावर असते, त्याच्या घरासमोर नसते.

तीस टक्क्यांचा हिशेब

स्टीम हे दुकान अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये सुरू केले. निर्मात्याने प्रत्येक खेळासाठी शंभर डॉलर भरावयाचे आणि विक्री हजार डॉलरच्या वर गेली की ते परत मिळवावयाचे, अशी तेथील प्रवेशाची पद्धत आहे. विक्रीच्या उत्पन्नातील तीस टक्के दुकान ठेवून घेते. याउलट इच डॉट आयओ या लहान दुकानात दुकानाचा वाटा किती असावा हे निर्माताच ठरवतो. त्याने काही न ठरवल्यास तो दहा टक्के धरला जातो. निर्मात्याचे स्वतःचे दार म्हणता येईल, त्याच्या सर्वांत जवळचे हे दुकान आहे.

कर आणि पैसे वळते करण्याचा खर्च तूर्त बाजूला ठेवून हजार रुपयांच्या खेळाचा विचार करू. मोठ्या दुकानातून विकल्यास निर्मात्याला सातशे रुपये मिळतील. दहा टक्क्यांच्या दारातून विकल्यास नऊशे. म्हणजे दारातून सात प्रती विकल्या आणि दुकानातून नऊ, तर निर्मात्याच्या हाती दोन्हीकडून सारखेच ६,३०० रुपये पडतात. दुकानाने सातांच्या ठिकाणी नऊपेक्षा अधिक प्रती खपवल्या की अडत देऊनही निर्माता फायद्यात राहतो. नवख्या निर्मात्याच्या बाबतीत मोठे दुकान सातांच्या जागी सत्तर प्रतीही खपवू शकते. तेव्हा केवळ टक्केवारी पाहून दुकानाला लुटारू ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही.

शिवाय दुकान ग्राहकासाठीही काही करते. २०१५ पासून स्टीमवर भारतीय ग्राहकाला रुपयांत किंमत मोजता येते. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास तेथे खेळ परत करून पैसे मागता येतात. निरनिराळ्या देशांतील करांचा भरणा, चोरीच्या कार्डांवरील खरेदीचा बंदोबस्त, नव्या आवृत्त्या घरपोच करणे या गोष्टी चार जणांच्या संस्थेला स्वतः करावयाच्या म्हटल्या, तर खेळ तयार करण्यास वेळ उरणार नाही.

उलटी पायरी

इतके मान्य केल्यावरही तीस टक्के हा आकडा कोठून आला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो दुकानाच्या खर्चातून आलेला दिसत नाही. शंभर रुपयांचा खेळ ग्राहकाच्या संगणकावर पोचवण्यास लागणारा खर्च हजार रुपयांच्या खेळाला दहापट होत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीने बारा टक्क्यांवर दुकान थाटले आणि २०२५ मध्ये प्रत्येक खेळाच्या दरवर्षीच्या पहिल्या दहा लाख डॉलरांवर काहीही न घेण्याचे धोरण स्वीकारले. एपिकला आपला एक लोकप्रिय खेळ पाठीशी असल्यामुळे हे परवडते, असा आक्षेप घेता येईल. तथापि वाटा कमी असूनही दुकान चालवता येते, एवढे तरी त्यावरून दिसते. तीस टक्क्यांचे खरे बळ गर्दीत आहे. जेथे ग्राहक जमतो तेथे विक्रेता जातो, विक्रेते असतात तेथे ग्राहक जमतो, आणि एकदा हे चक्र फिरू लागले की दुकानदाराला दर उतरवण्याची निकड राहत नाही.

यातील अधिक खटकणारी बाब निराळीच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉल्व्हने आपल्या दराच्या पायऱ्या जाहीर केल्या. एखाद्या खेळाची विक्री एक कोटी डॉलरपर्यंत असेल तर तीस टक्के, त्यापुढे पाच कोटीपर्यंतच्या विक्रीवर पंचवीस, आणि त्याहून वरच्या विक्रीवर वीस. प्राप्तिकरात अधिक कमावणाऱ्याने अधिक दराने द्यावे हे तत्त्व आपण मानतो. येथे पायऱ्या नेमक्या उलट्या बांधल्या आहेत. ज्याला सौदा करण्याचे बळ आहे त्याला सवलत, आणि ज्याला ते नाही त्याच्या माथी पूर्ण दर! हे अटळ होते असेही नाही. ॲपलने जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या निर्मात्यांसाठी दर पंधरा टक्क्यांवर आणला आणि गुगलनेही त्याच वर्षी पहिल्या दहा लाख डॉलरांना तसाच दर लावला. हा बदल या कंपन्यांच्या मनात आपोआप उपजला असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे न्यायालयांतील खटले होते, सरकारांच्या चौकशा होत्या. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला प्ले स्टोअरमधील देयकपद्धतीच्या सक्तीबद्दल ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो बराच कमी करण्यात आला, तरी सक्ती गैर होती हा मूळ निष्कर्ष पुसला गेला नाही.

दार उघडे, पण किंमत बांधलेली

तेव्हा ‘थेट की दुकानातून’ एवढ्यावर वाद संपत नाही. खरा प्रश्न असा की, दुकानात माल ठेवणाऱ्या निर्मात्याला आपल्या दारात त्याच मालाची किंमत स्वतः ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे काय? दारातून विकल्यास वीस टक्के वाचत असतील, तर त्यातील काही भाग ग्राहकाला सवलत म्हणून देता आला पाहिजे. तसे झाले तरच ग्राहक दुकानाची सोय सोडून दारापर्यंत येईल.

व्हॉल्व्ह निर्मात्यांना स्टीमवर चालणाऱ्या ‘चाव्या’ विनामूल्य देते आणि त्या अन्यत्र विकल्यास वाटा मागत नाही. हे औदार्य नाकारता येत नाही. मात्र स्टीमच्या ग्राहकांना त्याहून वाईट सौदा मिळता कामा नये, ही त्यामागील अट आहे. २०२१ मध्ये वुल्फायर गेम्स या संस्थेने अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. चाव्यांशी संबंध नसलेल्या प्रतीदेखील अन्यत्र स्वस्त विकू दिल्या जात नाहीत, असा तिचा आरोप आहे. व्हॉल्व्हला तो मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दाव्याला सामूहिक स्वरूप देण्यात आले. आरोप सिद्ध होवो वा न होवो, त्यामागील अर्थशास्त्र ध्यानात घेण्याजोगे आहे. सर्व दारांवर एकच किंमत बांधली गेली, तर अडत कितीही चढली तरी ग्राहकाला ती दिसत नाही, आणि कमी अडत घेणारे नवे दुकान स्वस्त विकून ग्राहक ओढू शकत नाही. स्पर्धेचे दार उघडे दिसते, पण आत जाता येत नाही.

थेट विक्रीचा इतिहास मात्र दुकानांपेक्षा जुना आहे. १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग त्याच्या निर्मात्यांनी फुकट वाटला आणि उरलेले भाग टपालाने व दूरध्वनीवरून थेट विकले. ‘माइनक्राफ्ट’ २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावरून विकला जाऊ लागला. तो स्टीमच्या दारी गेलाच नाही, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या निर्मात्या कंपनीसाठी अडीच अब्ज डॉलर मोजले. अशी उदाहरणे विरळा असतात आणि त्यांवरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. थेट विक्रीतही मध्यस्थ पुरता नाहीसा होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे इचला प्रौढांसाठीचे हजारो खेळ आपल्या सूचीतून दृष्टिआड करावे लागले. त्या खेळांविषयी कोणाचे मत काहीही असो. दुकानाच्या वरही एक अडत्या बसलेला असतो, हे त्यावरून कळते.

ग्राहकाचे हित कशात?

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे खेळ विकत घेणारी मुले आहेत, त्यांनी एक भेद ओळखावा. मोठ्या दुकानातून आपण बहुधा खेळ विकत घेत नाही, खेळण्याचा परवाना घेतो. ही गोष्ट विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगावी, असा कायदा कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. ग्रंथालयाचे सभासदत्व आणि कपाटातील स्वतःचे पुस्तक यांत जो फरक, तोच येथे आहे. थेट निर्मात्याकडून घेतलेली प्रत पुष्कळदा कुलूप नसलेली असते. ती जपून ठेवता येते आणि दुकान बंद झाले तरी चालते.

निर्माता नवखा असेल, खेळ आवडेल की नाही याची शंका असेल, तर परतीची सोय असलेले दुकान बरे. निर्माता परिचयाचा असेल, त्याचे आधीचे काम आवडले असेल, तर त्याच्या दारातून घ्यावे. आपल्या पैशातील मोठा हिस्सा त्याच्या पुढच्या कामाला लागेल. मात्र ते दार त्याचेच आहे याची खातरजमा करावी. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी तिच्या नावाने परगावचा माल विकला जातोच. खेळांच्या चाव्यांचाही असाच चोरबाजार आहे आणि चोरीच्या कार्डावर घेतलेली चावी स्वस्त मिळाली, तरी तिचा भुर्दंड अखेर निर्मात्यावरच पडतो.

या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही दुकान टाळण्याच्या हट्टाला पेटू नये. दुकानात माल अवश्य ठेवावा, पण पहिल्या दिवसापासून आपल्या ग्राहकांची नावे आणि पत्ते आपल्या वहीत राहतील अशी व्यवस्था करावी. ग्राहक कोण हे दुकानाला माहीत असते, निर्मात्याला नसते, आणि हेच त्याच्या परावलंबनाचे मूळ आहे. स्वतःची वही असलेल्या निर्मात्याला दुसरा खेळ विकताना गर्दीची याचना करावी लागत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा बाजार समित्या ओस पडल्या नाहीत. बहुतेक शेतकरी आजही तेथेच माल नेतात, कारण खरेदीदार तेथे असतो. पण बाहेर विकण्याचा मार्ग कायद्याने खुला असणे आणि तो बंद असणे यांत अंतर आहे. अडत्याचा दर त्याच्या सौजन्यावर अवलंबून नसतो. समोरच्याला दुसरीकडे जाता येते की नाही, यावर तो ठरतो. संगणकावरच्या खेळांच्या बाजारात ते दुसरे दार आज अरुंद आहे. स्पर्धा आयोगाने त्यावर किमतीची साखळी पडू देऊ नये आणि ग्राहकांनी अधूनमधून त्या दाराने ये-जा ठेवावी.