पायली म्हणजे किती किलो, हा प्रश्नच चुकीचा आहे (धागा)

‘आपली विसरलेली मापे’ अशा मथळ्याचे तक्ते समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतात. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण, खंडी अशी उतरंड, आणि प्रत्येकापुढे ग्रॅम-किलोचा नेमका आकडा. एका तक्त्यात पायली चार किलोंची असते, दुसऱ्यात सातांची. खाली प्रतिक्रियांचे दोन तट ठरलेले. एकाला त्यात पूर्वजांचे विज्ञान दिसते, दुसऱ्याला मेट्रिकपूर्व अंदाधुंदी. मला हे दोन्ही तट अमान्य आहेत, आणि तो तक्ताही. धागा लांब आहे, पण मुद्दा केवळ शब्दांच्या कीसाचा नाही.

प्रथम साधी गोष्ट. पायली हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. एका लिटरच्या भांड्यात न सडलेले भात भरले तर ते साधारण साडेपाचशे-सहाशे ग्रॅम भरते. त्याच भांड्यात तांदूळ भरले तर काटा पाऊण किलोच्या पुढे जातो. मग पायलीपुढे किलोचा एकच आकडा लिहिणारा नेमके कोणते धान्य मोजतो आहे? जुन्या कारकुनांना हा भेद पक्का ठाऊक होता. पेशवाईतील कागदांत धान्याच्या आकड्यासोबत ‘कैली’ हा शब्द येतो. कैली म्हणजे मापाने मोजलेले. त्याचा प्रतिशब्द ‘वजनी’. कित्येकदा ‘बारुले’ असाही खुलासा असतो, म्हणजे मण बारा पायल्यांचा धरावा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कारकून जी काळजी घेतो, ती आज आपण घेत नाही आणि वर त्यालाच ‘अंदाजपंचे’ म्हणतो.

‘बारुले’ लिहिण्याची गरज का पडे, तेही पाहावे. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. खंडी वीस मणांची धरली तर पहिल्या हिशेबाने तीत २४० पायल्या होतात, दुसऱ्याने ३२०. मुंबईच्या धान्यबाजाराचे कोष्टक आणखी निराळे: चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा फरा, आठ फऱ्यांची खंडी. म्हणजे १२८ पायल्या! शिवाय प्रत्येक ठिकाणची पायलीही सारख्या आकाराची नव्हती. गावाचे आणि मापाचे नाव न सांगता ‘अमुक खंडी धान्य म्हणजे तमुक टन’ असे लिहिणारा लेख, मग तो समाजमाध्यमावर असो वा पुस्तकात, इतिहास सांगत नसतो. तो गुणाकार करत असतो.

आता ‘अंदाधुंदी’वाल्यांकडे वळतो. कोळव्यापासून पायलीपर्यंतची चढण पाहा: दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरी दुपटीची. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याच्याकडे तराजू नाही, त्यालाही ढिगाचे दोन सारखे भाग करून खातरजमा करता येते. दशमान पद्धतीत ही सोय नाही. दहावा भाग नजरेने काढता येत नाही. खळ्यावर माप टाकताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. मोजणी मोठ्याने आणि सर्वांसमक्ष होई. एवढी व्यवस्था असलेल्या गोष्टीला गोंधळ म्हणणे हा आळस आहे.

परंतु गौरवगीत गाणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये. दोष मोजण्याच्या कोष्टकात नव्हता. तो माप हाती धरणाऱ्याच्या हातात होता. भांडे तेच, पण ते कसे भरले? काठावर फळी फिरवून सपाट केले, की वर शीग चढू दिली? दाणे हळू सोडले, की उंचावरून ओतून, भांडे हलवून दाबून बसवले? घेताना शिगेचे माप आणि देताना सपाट, एवढ्या एका युक्तीत कोष्टकाला धक्का न लावता माणूस नागवता येतो. त्यातच दिढी-सवाईचे बियाणे. घेतलेल्या धान्याच्या दीडपट किंवा सव्वापट सुगीला परत करायचे, तेही सावकाराच्या मापाने. कागदावर सवाई, मापाच्या काठावर ती किती होत असेल, हे कोणत्याही खतात लिहिलेले नसते. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार उगाच जन्मला नाही.

हे काही उत्तरकालीन अधःपतन आहे, असे समजून कुणी स्वतःचे समाधान करून घेऊ नये. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात द्रोण या मापाचे चार प्रकार दिले आहेत. राजाच्या मिळकतीसाठी २०० पलांचा, व्यवहारासाठी १८७½ पलांचा, चाकरांना वाटपासाठी १७५ पलांचा आणि अंतःपुरासाठी १६२½ पलांचा. नाव एकच, द्रोण. सात द्रोण धान्य कोठारात घ्यावे आणि त्यातूनच आठ द्रोण वाटावे. हिशेब तंतोतंत जुळतो. शीग मापाच्या एकचतुर्थांश असावी, असेही तिथेच सांगितले आहे. यात विज्ञान आहे, नाही असे नाही. फक्त ते कोणासाठी राबत होते, हे विचारण्याची हिंमत हवी. चाकराला आठ द्रोण मिळाल्याची नोंद वाचून त्यांचे किलो करणारा अभ्यासक कोठीवाल्याच्याच बाजूने साक्ष देत असतो.

ही आपल्याच मातीची खोड आहे, असेही नाही. विटोल्ड कुला या पोलिश इतिहासकाराने युरोपातील मापांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्यातही शीग आणि सपाट यांचाच झगडा आहे. १७८९ साली फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून राजाकडे गेलेल्या गाऱ्हाण्यांत माप एकच असावे ही मागणी पुनःपुन्हा येते. ती करणाऱ्यांना दशमान अपूर्णांकांचे आकर्षण नव्हते. जमीनदाराचे माप दर पिढीत फुगत होते, हे त्यांचे दुखणे होते.

मेट्रिकने हे दुखणे संपवले, ही कथाही तपासून घ्यावी. भारतात वजनांची मेट्रिक पद्धत १९५६च्या कायद्याने, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, हे आपण शाळेत शिकतो. मात्र १८७१ सालीच वसाहती सरकारने एक कायदा करून ठेवला होता. त्यात शेर हे नाव तसेच ठेवून त्याचे वजन थेट किलोग्रॅमइतके ठरवले होते, आणि तेवढ्या पाण्याचे आकारमान हे धारणक्षमतेचे एकक. तो कायदा अमलात आलाच नाही. म्हणजे उपाय माहीत असूनही सुमारे ८७ वर्षे रयतेच्या खळ्यावर जुनेच माप फिरत राहिले. तेव्हा उशिराचे खापर ‘परंपरेला चिकटलेल्या’ शेतकऱ्यावर फोडणे थांबवा.

बाजार समितीत आजही ‘मापाडी’ आहे. माप गेले, काटा आला, पदनाम टिकले. आणि आकारमानाचे बिगरमेट्रिक एकक तर सरकारच्या दारातच उभे आहे: ब्रास. शंभर घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. राज्याच्या २०२३च्या वाळू धोरणात दर ठरला तो प्रतिब्रास ६०० रुपये. ओलसर वाळू फुगते, कोरडी वाळू बसते. हौद्यात शीग लागली की नाही, हे घर बांधणाऱ्याला रात्रीच्या अंधारात कळत नाही. पायलीला मागास म्हणणाऱ्यांनी एकदा वाळूच्या ट्रकमागे उभे राहून ब्रास मोजून पाहावा.

अभ्यासकांना विनंती एवढीच. कागदात ‘कैली’ असेल तर ‘कैली’च लिहा. गाव, धान्य आणि मण किती पायल्यांचा, हे आकड्याशेजारी ठेवा. यातले काही ठाऊक नसेल तर किलोचा रकाना कोरा सोडा.