बोंब : एका शब्दाची अप्रतिष्ठा

कापसाचा भाव कोसळला, विजेची पाळी रात्रीची आली, अथवा रानडुकरांनी उभे पीक लोळविले, म्हणजे वर्तमानपत्रांत 'शेतकऱ्यांची ओरड' असा मथळा यावयाचा आणि कचेऱ्यांतून 'यांची बोंब नेहमीचीच' असा शेरा ऐकू यावयाचा, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. व्यापाऱ्यांचे निवेदन असते, गिरणीमालकांचे म्हणणे असते, नोकरदारांच्या मागण्या असतात. ओरड तेवढी शेतकऱ्यांची! ही वाटणी कोणी कपटाने केली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्या बोलण्यास आधीच ओरड हे नाव मिळाले, त्याचे बोलणे ऐकून घेण्याची तसदी कोण घेणार? यास्तव या शब्दाचा थोडा विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

बोंब म्हणजे पालथा हात तोंडावर मारीत काढलेला मोठा आवाज. आग लागली, दरोडा पडला, विहिरीत कोणी पडले, वाघाने गोऱ्हा धरला, की बोंब ठोकावयाची. चौकी दूर, अंमलदार त्याहून दूर, अशा काळी खेड्याजवळ याहून दुसरे साधन नव्हते. तिचे दोन अलिखित नियम होते. कारणावाचून ती मारावयाची नाही, हा एक. आणि ती कानी पडल्यावर घरात बसून राहावयाचे नाही, हा दुसरा. गिरडच्या टेकडीखालच्या शिवारांत ज्यांनी जागलीच्या रात्री काढल्या आहेत त्यांस हे शब्दकोशातून शिकण्याचे कारण नाही. एका मचाणावरून आरोळी उठली की शेजारच्या मचाणावरचा ती उचलतो, त्याच्या पुढचा ती पुढे नेतो, आणि रोह्यांचा कळप कोणत्या धुऱ्यावरून उतरला हे घटकाभरात सर्व शिवारास कळते. तेथे कोणी 'ही नेहमीचीच बोंब' म्हणून कूस बदलीत नाही; कारण कळप पुढे त्याच्याच शेतात यावयाचा असतो.

शिमग्याच्या दिवशी मात्र वाटेल त्याने वाटेल त्याच्या नावाने बोंब मारावी, अशी आमच्या पूर्वजांनी मुभा ठेविली. सुशिक्षित मंडळी या चालीस नाके मुरडतात. आमच्या मते तीत शहाणपण होते. पोकळ बोंबेला वर्षातला ठराविक काळ नेमून दिला, म्हणजे उरलेल्या दिवसांतली बोंब खरी समजावयाची! 'चोराच्या उलट्या बोंबा' ही म्हणही तेच सांगते. चोराने ती मारणे हे आश्चर्य, ज्याचे घर फुटले त्याने मारणे हा त्याचा हक्क. आणि 'गावात पाण्याची बोंब आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तर आवाजाचा अर्थ मागे पडून नुसती उणीव शिल्लक राहते. उणिवेलाच जिने आपले नाव दिले ती हाक खोटेपणाची कशी ठरते?

आता दुसरा एक शब्द पाहा. फिर्याद. हा फारसीतून आला, आणि तेथे त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली आरोळी, म्हणजे बोंबच. तो दरबारात शिरला, कागदावर चढला, त्यास तारीख मिळाली, सही मिळाली, आणि आज न्यायाधीशही तो अदबीने उच्चारतात. मराठी बोंब गावाच्या वेशीवरच राहिली. दोन्ही हाका एकाच दुःखाच्या असून एकीस आसन मिळाले व दुसरीस हसू, यातले मर्म आम्हांस कागदात दिसते.

शब्दांचे दैव फिरते, याची उदाहरणे इतरही आहेत. मोर्चा म्हणजे मूळची तोफांची अथवा वेढ्याची जागा. आता तोच चालू लागला आहे. धरणे हा धनकोचा ऋणकोच्या दारी बसून वसुली करण्याचा जुना उपाय. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून तो आला; पुढे तोच ऋणकोने सरकारच्या दारी चालविला.

आज 'बोंबाबोंब आंदोलन' या नावाने तहसील कचेरीपुढे जे प्रकार होतात त्यांविषयी आमचे मत सर्वांस रुचेल असे नाही. पाच-पंचवीस मंडळी जमावीत, तोंडावर हात मारावेत, छायाचित्र निघावे, आणि ते निघताच पांगावे, यात शेतकऱ्याचे काय साधते? दर महिन्यास शिमगा होऊ लागला म्हणजे खऱ्या बोंबेस कोण धावेल? लांडगा आल्याची हूल देणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांस सांगतो आणि आपण विसरतो.

याच्या उलट 2018 सालच्या मार्चमधील नाशिक ते मुंबई हा मोर्चा आठवावा. 6 मार्चला निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुतेक वनजमीन कसणारे आदिवासी, सुमारे 180 किलोमीटर पायी चालले. दहावीच्या परीक्षार्थींस अडथळा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून 12 मार्चच्या पहाटे आझाद मैदान गाठले. त्या रात्री आवाज थोडाच होता. परंतु मुंबईकर पाणी व अन्न घेऊन रस्त्यावर आले आणि त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले. पुढे त्याच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी झाल्या हे खरे. तथापि हाक ऐकली गेली, हे कोणासही नाकारता येणार नाही.

आमच्या भागाचा अनुभव कागदाचाच आहे. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला तेव्हा गावोगाव एकच हाहाकार उठला. मग सदोष बियाण्याच्या तक्रारीसाठी 'जी' नमुन्याचा अर्ज भरावयाचे ठरले. सोबत सातबारा व बियाण्याची पावती. पावती कोणाजवळ होती? ज्याने ती जपून ठेविली त्याच्या बोंबेची फिर्याद झाली. ज्याची पावती पेरणीच्या चिखलात गेली, अथवा दुकानदाराने दिलीच नाही, त्याची बोंब राहिली. हा न्याय नव्हे, हे आम्ही जाणतो. नुकसान दोघांचे सारखेच होते. परंतु कचेरीचा कान कागदाचा आहे. तो बदलेपर्यंत पावती मागून घेणे आपल्या हाती आहे. ती देण्यास काचकूच करणाऱ्या दुकानातून बियाणे घेऊ नये.

यापुढे या मासिकात सभासदांच्या तक्रारींस 'ओरड' हा शब्द वापरला जाणार नाही. गिरड, समुद्रपूर व हिंगणघाटकडील मंडळींनी आपले म्हणणे गट क्रमांक, नुकसानीची तारीख, ज्या कचेरीस कळविले तिचे नाव व मिळालेली पोच यांसह लिहून पाठवावे. ते तसेच छापू. पोच मिळाली नसेल तर तेही लिहावे.