फी विचारतो, आकाशातली गर्दी कोण विचारणार?



या पानावर बेगमपेट विमानतळाच्या आठवणी बऱ्याच जणांनी लिहिल्या. मार्च २००८ मध्ये मोठी विमानं शमशाबादला गेली आणि आमच्या चिक्कडपल्लीच्या गच्च्यांवरचा तो आवाज कमी झाला. छोटी विमानं मात्र राहिली. बेगमपेटला आजही शिकाऊ वैमानिक उडतात, आणि जवळच हाकिमपेट, दुंडिगलला हवाई दलाची पोरं शिकतात.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातली एक मुलगी पायलट व्हायला निघाली आहे. महिनाभर घरात एकच विषय. फी किती, कर्ज कोणती बँक देते, लायसनचे २०० तास किती महिन्यांत होतात, नोकरी कधी लागते. पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही: ती जिथे शिकणार, त्या धावपट्टीभोवती एका वेळी किती विमानं फिरत असतात? माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न फीच्या आधी यायला हवा.

८ जुलै २०२५ ला कॅनडात, मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ दोन शिकाऊ सेस्ना विमानं हवेत आदळली. दोन्हींत एकेक विद्यार्थी, त्यातला एक आपल्या केरळचा. दोघंही गेले. उडायचा आणि उतरायचा सराव चालला होता. शाळेच्या प्रमुखांनी सांगितलं की दोघं एकाच वेळी उतरायला येत होते, रेडिओ दोन्हींत होते, तरी त्यांना एकमेकांची विमानं दिसली नसावीत.

"अहो, रडार असतं, टॉवर असतो, काही होत नाही," असं आमचे काका म्हणाले. मोठ्या विमानांपुरतं ते बरंचसं खरं. १९९६ मध्ये चरखी दादरीला दोन मोठी विमानं आदळून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. पण शिकवण्याच्या दोन सीटच्या विमानात ती सहसा नसते. अनेक छोट्या धावपट्ट्यांवर टॉवरही नसतो. तिथे वैमानिकांनी रेडिओवर आपली जागा सांगायची आणि डोळे उघडे ठेवायचे, एवढाच आधार.

आणि डोळ्यांचं काय होतं ते बघा. धावपट्टीला वळसा घालणारा ठरलेला मार्ग असतो, त्याला सर्किट म्हणतात. साधारण हजार फुटांवर सगळे त्याच चौकोनात फिरतात आणि शेवटी एकाच रेषेवर उतरायला येतात. म्हणून गर्दी विमानतळाजवळच होते, तीही स्वच्छ उजेडात. सेस्नाचे पंख डोक्यावर, त्यामुळे वरचं दिसत नाही आणि वळताना तर ज्या बाजूला वळायचं तीच बाजू झाकते. पंख खाली असलेल्या विमानातून खालचं दिसत नाही. एकावर एक अशी दोन विमानं उतरायला आली तर दोघंही आंधळे! शिवाय जे विमान आपल्यावर येऊन आदळणार असतं, ते काचेत हलताना दिसत नाही. एका जागी ठिपक्यासारखं राहतं आणि अचानक मोठं होतं.

अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा हिशेब आहे की दुसरं विमान दिसल्यापासून आपलं विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद जातात. समोरासमोर येणारी दोन छोटी विमानं, प्रत्येकी ताशी १८५ किलोमीटरने, तेवढ्या वेळात सव्वा किलोमीटर अंतर संपवतात.

म्हणून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, आपल्या घरांतली मार्कांची सवय. उतरताना शंका आली तर वेग देऊन पुन्हा वर जायचं, त्याला गो-अराउंड म्हणतात. मुलांना ते नापास झाल्यासारखं वाटतं. "आज दोनदा परत वर गेले" असं मुलीने फोनवर सांगितलं तर आपण "शाब्बास" म्हणायला हवं. "का गं, जमलं नाही का?" हे नक्को.

दुसरी, लाजणं. आपली मुलं इंग्रजी चुकेल म्हणून रेडिओवर गप्प बसतात किंवा पुटपुटतात. तिथे व्याकरण कुणी तपासत नाही. मी कुठे आहे, किती उंचीवर आहे, काय करणार आहे, एवढं स्पष्ट सांगितलं की झालं.

बारामती असो, गोंदिया असो, शिरपूर असो की परदेश, प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन विचारा. टॉवर आहे का? सर्किटमध्ये एका वेळी किती विमानं सोडता? एकटं उडवायला पाठवता तेव्हा खाली रेडिओवर कोण बसतं? विमानात आसपासची विमानं दाखवणारं यंत्र आहे का? चांगली शाळा या प्रश्नांना चिडत नाही. जी चिडेल, तिथे पैसे भरू नका.

तुमच्या घरात कुणी शिकत असेल, शिकवत असेल, तर खाली जरूर लिहा. आमच्या मुलीला उपयोग होईल, आणि इतरांच्याही.