पालथा घडा कोण म्हणतं?

लोणार, सिंदखेडराजा भागातल्या मास्तरांच्या गप्पांत एक वाक्य हमखास निघतं, "ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. आई-बाप कोयत्यावर निघतात, पोरही सोबत जातं. गुढीपाडव्याच्या आसपास परततं तेव्हा पाटी कोरी. मग जीव कशाला जाळायचा?

मला हे मुळीच मान्य नाही. पाठ केलेलं विसरतं, उमगलेलं सहसा राहतं. सहावीतला एक मुलगा वहीत हातच्याची वजाबाकी हटकून चुकवायचा. त्याला विचारलं, बापानं पन्नास हजार उचल घेतली, साडेबत्तीस फिटली, राहिली किती? "साडेसतरा, सर." क्षणाचाही वेळ नाही. मग तोच हिशेब फळ्यावर मांडला, एकक-दशकाची घरं पाडली, आणि शून्यातून वजा करताना हातचा कुठून आणायचा हे त्यानंच वर्गाला समजावून सांगितलं. असा तास हुशार म्हणवणाऱ्या वर्गात क्वचित मिळतो.

"पुण्याचं काम करता हो" म्हणणारेही मला तितकेच चुकीचे वाटतात. पुण्य कसलं? 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण हक्कानं दिलंय. आणि मिळकत म्हणाल तर शिक्षकाचीच मोठी आहे. शहरात ट्यूशन, गाइड, शिकलेले पालक, यशाला वाटेकरी फार. इथं पोरानं धडा वाचला तर तो शाळेनंच शिकवलेला असतो. आपल्याला शिकवता येतं की नाही, याचा इतका रोखठोक निकाल दुसरीकडे लागत नाही. शिक्षकांच्या 2017च्या बदली धोरणात 'अवघड क्षेत्र' ठरवलं गेलं ते रस्ते-वस्त्या पाहून. शिकवण्याचा आनंद त्या यादीत मोजलेला नाही.

सगळी पोरं टिकत नाहीत, हे खरंच. आठवीनंतर एखादी मुलगी थेट मांडवात दिसते आणि आतून तुटतं. पण त्याचा दोष तिच्या डोक्याला कसा द्यायचा? शाळा सुटू नये म्हणून आजीजवळ लेकरू ठेवायला आई तयार असते, तिला फक्त दोन वेळच्या जेवणाची खात्री हवी असते. म्हणून मागं राहिलेल्या लेकरांना जेवू घालणारं हंगामी वसतिगृह गाड्या भरण्याआधी सुरू झालं पाहिजे. महिनाभरानं मंजुरी आली, तर तोवर लेकरू फडावर पोचलेलं असतं.