रंगदुरुस्तीची सवलत आणि बातमीचे सत्य

कृत्रिमरीत्या घडवलेल्या किंवा बदललेल्या, पण खऱ्या भासणाऱ्या दृक्‌श्राव्य मजकुरावर ठळक खूण सक्तीची करणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून देशभर लागू झाली. खोट्या चेहऱ्यांच्या नि आवाजांच्या चित्रफितींवर तिचा मुख्य रोख आहे. तिच्यातील एक सवलत मात्र बारकाईने वाचण्याजोगी आहे. नेहमीचे, सद्हेतूने केलेले संपादन या व्याख्येबाहेर ठेवले असून त्यात रंगदुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. अट एवढीच की, मूळ मजकुराचा आशय, संदर्भ वा अर्थ त्यामुळे विपर्यस्त होता कामा नये. पण ज्या छायाचित्रात रंग हाच आशय असतो, तेथे ही रेषा कोठे आखायची?

सवलत मुळात रास्त आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांतील संवेदकाचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरले जातात. नेहमीच्या चित्रफाइलीत मग प्रत्येक बिंदूसाठी ० ते २५५ या दरम्यानचे तीन आकडे ठरतात आणि त्यांच्या मेळातून सुमारे १ कोटी ६७ लाख छटा संभवतात. फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर हे आकडेच बदलते. म्हणजे अजिबात न हाताळलेला रंग असा डिजिटल छायाचित्रात नसतोच.

कधी कधी तर न बदललेला रंगच दिशाभूल करतो. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले. अनेकांच्या मोबाइलमध्ये मात्र ते राखाडी उमटले. पांढऱ्या रंगाचा तोल आपोआप साधणाऱ्या यंत्रणेने तो नारिंगीपणा प्रकाशाचा दोष मानून काढून टाकला होता. तेथे हाताने रंग दुरुस्त करणाऱ्याचे छायाचित्रच सत्याच्या जवळ गेले.

याच्या उलट उदाहरण ‘टाइम’ साप्ताहिकाचे. २७ जून १९९४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र गडद करून छापण्यात आले. ‘न्यूजवीक’ने त्याच आठवड्यात तेच छायाचित्र तसा बदल न करता छापल्याने फरक उघडा पडला. कृष्णवर्णीय आरोपीचा चेहरा अधिक काळा करणे म्हणजे निकालाआधीच त्याला गुन्हेगार ठरवणे, अशी टीका झाली. २००६ मध्ये अमेरिकेतीलच ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या दैनिकाने एका छायाचित्रकाराला कामावरून दूर केले. शिडीवरील अग्निशामक जवानामागचे तपकिरी-राखाडी आकाश छापील चित्रात गडद लाल झाले होते. त्यात कोणाची बदनामी नव्हती. तरीही वाचकासमोर गेलेले आकाश त्या वेळचे नव्हते.

या तिन्ही प्रसंगांतून एक निकष हाती येतो. बदल माणसाने केला की यंत्राने, थोडा केला की फार, हे दुय्यम आहे. घटनास्थळी उभ्या असलेल्या माणसाने जे पाहिले, त्याच्या जवळ छायाचित्र गेले की त्यापासून दूर, हे पाहायला हवे.

गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. खाणींच्या टाकाऊ मातीने गढूळलेले ओहोळ आणि शेते, पावसाळ्याच्या सुमारास किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरगोळ्यांनी काळवंडलेली वाळू, वास्कोत घरांवर बसणारी कोळशाची भुकटी, अशा तक्रारींत रंगच पुराव्याचे काम करतो. शिवाय जांभ्या दगडाच्या या मुलखात पावसाचे पाणी एरवीही तांबूस वाहते. लाल छटा किंचित वाढवली की साधा पूर खाणीचा गाळ भासू शकतो. ती उतरवली की खरा गाळही नजरेआड होतो. खऱ्या तक्रारीचे चित्र परिणामासाठी भडक केले गेले, तर तेवढाच धागा धरून संपूर्ण तक्रार खोटी ठरवण्याची संधी प्रतिपक्षाला मिळते. नुकसान अखेर शेतकऱ्याचेच होते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना जे प्रमाणपत्र जोडायचे, त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवायचे असते. हे मूल्य म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसाच. एका बिंदूची छटा बदलून ती जतन केली तरी ते बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावते आणि त्यातील वेळ-स्थळाच्या नोंदीही गळतात. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जपणे, रंगांचे काम प्रतीवरच करणे आणि शक्य तेथे चौकटीत कोरा पांढरा कागद ठेवून एखादे छायाचित्र घेणे तक्रारदाराच्या हिताचे आहे. त्या कागदावरून इतर रंगांचा खरेपणा पुढे पडताळता येतो.

अर्थाचा विपर्यास नेमका केव्हा होतो, याचे मोजमाप नियमात नाही. ते आधी वृत्तसंपादकांना आणि वाद वाढला तर न्यायालयांना करावे लागेल. रंग लक्षणीय बदललेल्या वृत्तछायाचित्राखाली तशी ओळ छापणे आणि जेथे रंग हीच बातमी आहे तेथे मूळ छायाचित्रही सोबत देणे, हा शिरस्ता माध्यमांना त्याआधीही पाळता येईल. त्यासाठी कोणत्याही नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.