सगळंच ‘गॅस’ नसतं

रमजानचा पहिला आठवडा सरला की घरोघरी सोड्याची पुडी आणि गॅसची गोळी शोधली जाते. या त्रासाला उर्दूत बदहज्मी म्हणतात, मराठीत अजीर्ण, म्हणजे जे जिरलं नाही ते. दोन्ही शब्द नेमके आहेत. बोलण्यात मात्र दोघांची जागा ‘गॅस’ने घेतली आणि पोटात, छातीत, पाठीत काहीही झालं तरी एकच निदान होऊ लागलं.

अजीर्ण ओळखणं कठीण नाही. चार घासांतच पोट गच्च वाटतं, जेवून दोन तास झाले तरी बेंबीच्या वर जडपणा राहतो, ढेकर येतात, मळमळतं. घशाशी आंबट पाणी आणि छातीत जळजळ हे आम्लपित्त, अजीर्णाचं सख्खं भावंड. दिवसभराच्या रोज्यानंतर भजी, समोसे आणि गार सरबत एका दमात पोटात जातं. पहाटे सहरी आणि फजरची नमाज उरकली की लगेच अंथरूण, आणि आडवं झालं की जठरातलं आम्ल सहज वर चढतं. विरार लोकलमध्ये खजुरावर रोजा सोडून, उमेळ्यात घरी पोचल्यावर रात्री दहाला भरपेट जेवून झोपणाऱ्याचीही हीच गत. यात धर्माचा काही संबंध नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही आमच्या मोहल्ल्यात जन्मली नाही, आणि वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं उपवासकाळानंतरचं ईस्टरचं ताटही हलकं नसतं!

हा त्रास खाणं आवरलं की बहुधा दोन दिवसांत शमतो. आठवडेच्या आठवडे टिकला तर ते नुसतं अजीर्ण नव्हे. जठरातल्या अल्सरमागे बऱ्याचदा एक जिवाणू असतो. तो शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं, आणि तो अँटिबायोटिकने जातो. सोड्याने तो जात नाही, दुखणं तेवढं झाकलं जातं. उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना घटणारं वजन, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जायला ईदची वाट पाहू नये.

सर्वात घातक गल्लत हृदयाची. छातीवर दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणं, थंड घाम, धाप. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये कधी छाती दुखतच नाही, नुसती मळमळ आणि थकवा असतो, म्हणून घरातले फसतात. गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, असंही नाही. इसीजीच काढावा लागतो. अम्मी ‘तरावीह झाल्यावर बघू’ म्हणाल्या तरी ऐकू नये. आजाऱ्याने रोजा सोडून नंतर भरून काढावा, ही मुभा सुरह बकरामध्येच आहे. 108 वर रुग्णवाहिका रात्री-अपरात्रीही बोलावता येते.