गरज सरो, वैद्य मरो!

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, त्या गोष्टीस सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. रोग कशामुळे पसरतो हे त्या दिवसापासून जगास ठाऊक आहे. त्यावर औषध आहे, मच्छरदाणी आहे, आणि आता लसही आहे. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २८ कोटी २० लाख रुग्ण झाले व सुमारे ६ लाख १० हजार माणसे त्यास बळी पडली. म्हणजे दर मिनिटास एकाहून अधिक मृत्यू! शंभरांतील सुमारे पंचाण्णव मृत्यू एकट्या आफ्रिकेतील, आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांच्या आतील बालकांचे. ज्ञान हाती असता एवढा संहार का व्हावा, हा प्रश्न प्रत्येक विचारी माणसाने स्वतःस विचारावयास हवा.

या प्रश्नाचे उत्तर केवळ दारिद्र्य असे देऊन भागणार नाही. दारिद्र्य हे कारण आहेच; पण त्याच्या जोडीस दुसरेही एक कारण आहे, व ते इतिहासाने दोनदा सिद्ध केले आहे. रोग हटू लागला की माणसाचा हात सैल पडतो. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण जणू हिवतापाकरिताच जन्मास आली असावी.

श्रीलंकेचे उदाहरण पाहा. १९३४-३५ च्या साथीत त्या लहानशा बेटावर सुमारे ८० हजार माणसे दगावली होती. पुढे डी.डी.टी.ची फवारणी घरोघर झाली आणि १९६३ साली साऱ्या देशात हिवतापाचे रुग्ण वीसाच्याही आत आले. विजय मिळाला असे समजून फवारणी आवरती घेण्यात आली. पाच-सहा वर्षांतच रुग्णांची संख्या पाच लाखांवर गेली! त्या देशास हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळावयास त्यानंतर २०१६ साल उजाडावे लागले.

आपली कथा याहून निराळी नाही. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व आठ लाख त्यात मरत. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम निघाली, १९५८ साली तिने निर्मूलनाचा निर्धार केला, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखापर्यंत उतरली. हे यश असामान्य होते. परंतु त्यामागून शैथिल्य आले, कीटकनाशकांचा तुटवडा पडला, डासही त्यांना दाद देईनासे झाले. आणि १९७६ साली नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ साली पुकारलेली निर्मूलनाची जागतिक मोहीमही १९६९ मध्ये सोडून देण्यात आली होती.

असे का होते, हे समजून घेणे अवघड नाही. हिवतापाचे जंतू कोणतेही लक्षण न दाखविता माणसाच्या रक्तात राहू शकतात. त्यांची एक जात तर यकृतात महिनोन्‌महिने दडून बसते. डासांस पुन्हा मोकळीक मिळाली की एवढा अवशेष पुरेसा होतो. शिवाय रोग काही काळ दूर राहिला म्हणजे लोकांच्या अंगी सततच्या संसर्गाने आलेली प्रतिकारशक्तीही ओसरते. म्हणून परतून आलेली साथ पूर्वीपेक्षा क्रूर ठरण्याचा संभव असतो. अर्धवट सोडलेले काम येथे अर्धे फळ देत नाही. कित्येकदा ते केलेल्या कामावरही पाणी फिरविते.

आज पुन्हा तीच घडी आली आहे. २००० सालापासूनच्या प्रयत्नांनी लक्षावधी जीव वाचले. चीन २०२१ साली व इजिप्त २०२४ साली हिवतापमुक्त ठरले. मात्र २०२३ साली या कामासाठी ८३० कोटी डॉलरांची गरज असता मिळाले अवघे ४०० कोटी. त्यातच, या निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार वाहणाऱ्या अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत आपली परदेशी मदत एकाएकी रोखली. काही कामे पुढे पुन्हा सुरू झाली खरी. पण पावसाळा आणि डास कोणत्याही सरकारच्या फेरविचारासाठी थांबत नाहीत. पूर्व आफ्रिकेत आर्टेमिसिनिन या मुख्य औषधास जंतू अंशतः दाद देईनासे झाले असता हे घडावे, ही अधिकच चिंतेची गोष्ट होय.

परक्याच्या पैशावर आपले आरोग्य किती दिवस चालवावयाचे, असा प्रश्न येथे विचारला जाईल, व तो अगदी गैर नाही. आफ्रिकी राष्ट्रांनी २००१ साली अबुजा येथे अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्चण्याचे वचन दिले होते. बहुतेकांनी ते पाळलेले नाही. त्यांनी ते पाळलेच पाहिजे. तथापि, मुलास चालावयास शिकविणे वेगळे आणि पुलाच्या मध्यावर त्याचा हात सोडणे वेगळे. मदत कमी करावयाची तर ती मुदत सांगून, टप्प्याटप्प्याने करावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

आणि आपले काय? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली लस आज आफ्रिकेतील बालकांना टोचली जात आहे, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. पण भारतीय उपखंडातून बाहेर पसरलेला दुसरा पाहुणाही आफ्रिकेत जाऊन पोहोचला आहे. मुंबईच्या पाण्याच्या टाक्यांत व विहिरींत वाढणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास २०१२ साली जिबूती येथे आढळला; त्या वर्षी तेथे अवघे २७ रुग्ण होते, २०२० साली ते ७० हजारांवर गेले. उघड्या टाक्या व विहिरी हे मुंबईच्या हिवतापाचे मूळ असल्याचे डॉ. बेंटले यांनी १९११ सालीच सांगून ठेवले होते. तरी आजही इमारतींच्या बांधकामावर साचलेले पाणी व झाकण नसलेली टाकी शोधावयास फार दूर जावे लागत नाही!

२०२७ पर्यंत देशांतर्गत हिवतापाचा एकही रुग्ण उरू नये, असा भारत सरकारचा संकल्प आहे. रुग्ण खूपच घटले आहेत, आणि म्हणूनच आम्हांस भीती वाटते. उरलासुरला रोग गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात, दुर्गम पाड्यांवर आहे. तेथील शेवटचा रुग्ण शोधण्यास पहिल्या हजारांपेक्षा अधिक खर्च आणि अधिक चिकाटी लागेल. आकडे लहान झाले म्हणून तेथील आरोग्यसेवकांच्या जागा रिकाम्या राहू देणे, हा १९६५ नंतरचा प्रमाद पुन्हा करणे होय. ज्या वर्षी एकही रुग्ण सापडणार नाही, त्या वर्षाच्या अंदाजपत्रकातही या कामाची तरतूद कायम राहिली, तरच हा देश इतिहासापासून काही शिकला असे म्हणता येईल.